तर्कदोष : व्यक्ती आणि विधान

युक्तिवाद न तपासता तो मांडणाऱ्याच्या खासगी जीवनावर प्रहार करणे, यास व्यक्तिलक्ष्यी तर्कदोष म्हणतात. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर 1873 मध्ये 11 वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. आचरणातील विसंगतीचा आक्षेप येथे रास्त ठरतो. परंतु त्यावरून विधवाविवाह अयोग्य ठरत नाही. बदलापुरातील कात्रपच्या प्रचारसभेत ‘ज्याचा संसार मोडला, तो पाणीप्रश्न काय सोडवणार?’ असे कोणी विचारल्यास तेथेही कारण व निष्कर्ष यांचा संबंध तुटलेला असतो. उलट, प्रतिज्ञापत्रातील मालमत्ता किंवा फौजदारी खटले यांविषयीचा प्रश्न पदाच्या विश्वासार्हतेशी निगडित असल्याने दोषार्ह नव्हे. म्हणून प्रत्येक वेळी पाहावे : दिलेले कारण निष्कर्षाला खरोखर आधार देते काय?