बदकांच्या घरट्यांसाठी शिकाऱ्यांचं श्रमदान

भर हिवाळ्यात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा आणि कॅनडातल्या मॅनिटोबातली तळी गोठली, की त्या बर्फावरून स्वयंसेवकांच्या टोळ्या निघतात. सोबत तारेची जाळी, हत्यारं आणि जवसाच्या काडाचे भारे. तळ्यात रोवलेल्या खांबांवर जाळीची आडवी नळकांडी बसवलेली असतात. त्यांतलं कुजकं काड काढायचं, नवं भरायचं, वाकलेला खांब सरळ करायचा. बर्फ वितळल्यावर मॅलार्ड बदकाची मादी तिथं अंडी घालते. खाली पाणी असल्यामुळे कोल्हा किंवा स्कंक सहसा तिथवर पोचत नाही.

ही घरटी दुरुस्त करणारे बहुतेक जण शिकारी असतात. हंगाम आला, की तेच बंदूक घेऊन बदकांच्या मागे जातात.

मराठी वाचकाला हे पचणं कठीण आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, एवढंच समीकरण रुजलं. अमेरिका आणि कॅनडानं वाट वेगळी धरली. बाजारात विकण्यासाठी होणाऱ्या बेसुमार कत्तलीला अमेरिकेच्या 1918 च्या स्थलांतरी पक्षी कायद्यानं लगाम घातला. ठरावीक हंगाम आणि रोजची ठरावीक संख्या पाळून होणारी शिकार तेवढी चालू राहिली.

पण कत्तल थांबून भागलं नाही. 1930 च्या दशकात मोठा दुष्काळ पडला, धुळीची वादळं उठली आणि तळी आटली. बदकांची संख्या कोसळली. घरटी करायला पाणीच नसेल, तर बंदुका खाली ठेवून उपयोग काय, हे शिकाऱ्यांच्या ध्यानात आलं. 1937 मध्ये ‘डक्स अनलिमिटेड’ ही संस्था उभी राहिली. बदकांच्या विणीचा मोठा भाग कॅनडात असल्यानं अमेरिकी शिकाऱ्यांनी पैसा सीमेपलीकडे पाठवला. मॅनिटोबातली ‘बिग ग्रास मार्श’ ही निचरा करून कोरडी पाडलेली दलदल 1938 मध्ये पुन्हा पाण्याखाली आणण्याचं काम सुरू झालं. संस्थेचा तो पहिला प्रकल्प. आज तिच्या कामाचा पसारा दीड कोटी एकरांच्या पुढे गेला आहे.

या संस्थेचा कणा म्हणजे गावोगावच्या शाखा. वर्षातून एकदा भोजन समारंभ होतो, त्यात लिलाव आणि सोडत असते. देणग्या मागण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सारं स्वयंसेवक करतात. जमलेला पैसा जमीन राखण्यासाठी, बांध आणि पाण्याची दारं बांधण्यासाठी जातो.

सरकारी व्यवस्थाही शिकाऱ्याच्याच खिशाला हात घालते. 1934 पासून अमेरिकेत सोळा किंवा अधिक वर्षांच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला केंद्र सरकारचं ‘डक स्टॅम्प’ नावाचं तिकीट घ्यावं लागतं. पहिल्या तिकिटाचं चित्र प्रसिद्ध व्यंगचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी काढलं. किंमत होती 1 डॉलर. आज ती 25 डॉलर आहे. प्रत्येक डॉलरमागे 98 सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाड्यानं घेण्यासाठी वापरले जातात.

परिणाम आकड्यांत दिसतो. 1970 नंतर उत्तर अमेरिकेतले सुमारे 290 कोटी पक्षी कमी झाल्याचं ‘सायन्स’ नियतकालिकातल्या 2019 च्या अभ्यासानं दाखवलं. त्याच अभ्यासात बदकं आणि हंस यांची संख्या मात्र वाढलेली आढळली. ज्या अधिवासामागे पैसा, कायदा आणि राबणारे हात उभे राहिले, तिथले पक्षी सावरले.

धोका टळलेला नाही. डकोटांपासून अल्बर्टापर्यंत हिमनद्यांनी मागे ठेवलेले लाखो लहान खळगे म्हणजे बदकांची मुख्य वीणभूमी. शेतीसाठी ते अजूनही बुजवले जातात. नद्यांशी थेट न जोडलेल्या अशा पाणथळ जागांचं केंद्रीय संरक्षण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानं आक्रसलं. त्यातच शिकाऱ्यांची संख्या घटते आहे, म्हणजे तिकिटाचे हक्काचे ग्राहकही.

म्हणूनच आता पक्षिनिरीक्षकांनाही तिकीट घेण्याचं आवाहन केलं जातं. ते कुणालाही विकत घेता येतं आणि त्यावर राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत प्रवेश मोफत मिळतो. दुर्बीण घेऊन येणाऱ्यांनी हा भार किती उचलला, यावर पुढची तळी विकत घेणं अवलंबून आहे.