सुरक्षिततेचें मोल

वसईच्या नांवानें एक तह इतिहासांत प्रसिद्ध आहे. २५ आक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. भयभीत झालेले दुसरे बाजीराव पुणें सोडून अखेर वसईस आले व ३१ डिसेंबर रोजीं त्यांनीं इंग्रजांशीं करार केला. रक्षणासाठीं ६,००० इंग्रजी पायदळ मिळावयाचें ठरलें. त्याच्या खर्चाकरितां २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यावा लागला, व इंग्रजांच्या सल्ल्यावांचून परराज्यांशीं बोलणें करण्याचा अधिकारही गेला. १८०३ सालीं पेशवे पुन्हा गादीवर बसले खरे. परंतु १८१८ सालीं पेशवाईच राहिली नाहीं. भीतीच्या भरांत जें दिलें, तें परत मागण्याचें बळ उरलें नव्हतें.

असाच सौदा लहान प्रमाणावर आपण सर्वच करीत असतों. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर रस्त्यांवर व स्थानकांवर कॅमेरे वाढत गेले. आतां आमच्या वसई-विरारच्या इमारतींतही ते दिसतात. कित्येक ठिकाणीं येणाऱ्या पाहुण्याचें नांव, दूरध्वनीचा क्रमांक व छायाचित्र दारावरच घेतात. कॅमेऱ्यामुळें चोराचा माग लागतो, हरवलेलें मूल सांपडूं शकतें. हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु “आमच्याजवळ लपविण्यासारखें कांहींच नाहीं,” असें म्हणून पुष्कळ लोक मागितलें तें देऊन मोकळे होतात. हें म्हणणें अपुरें आहे. आपण रात्रीं दार लावतों, तें घरांत पाप असतें म्हणून नव्हे. घर आपलें असतें म्हणून.

२४ आगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें सांगितलें कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. सरकारास त्यांत हात घालावयाचा असल्यास कायद्याचा आधार हवा, हेतु योग्य हवा, आणि उपाय त्या हेतूच्या मानानें बेताचा हवा. हीच कसोटी आपल्या इमारतीच्या दारींही लावावी. ही माहिती कशासाठीं घेतां? ती कोण पाहणार? आणि ती केव्हां पुसून टाकणार?

हे प्रश्न विचारणें म्हणजे पहारेकऱ्यावर अविश्वास दाखविणें नव्हे. करारावर सही करण्यापूर्वीं कलमें वाचावींत, एवढाच त्याचा अर्थ. आणि हा धडा वसईकरांस तरी दुरून आणावा लागूं नये.