हट्ट कीं मुकें बोलणें?

जें मूल जेवत नाहीं तें हट्टी, आणि त्याची आई निष्काळजी, असा निवाडा आपल्या समाजांत सहज दिला जातो. स्वमग्न बालकांच्या बाबतींत तो किती अन्यायाचा आहे, हें वाचकांच्या नजरेस आणावें, म्हणून हा अल्प लेख.

स्वमग्नता म्हणजे मेंदूची घडणच निराळी असणें. अशा मुलास इतरांशीं संवाद साधणें कठीण जातें, ठराविक क्रमांत त्यास निर्धास्त वाटतें, व चव, वास, स्पर्श यांची जाणीव त्यास आपणांहून पुष्कळदां फार तीव्र होते. सन १९४३ त अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं सहांस तान्हेपणापासूनच अन्न घेण्याचा त्रास होता, व तिघें मुळींच बोलत नव्हतीं. पुढें आईबापांच्या कोरडेपणामुळें मुलें अशीं होतात, असा समज पसरला, आणि कित्येक माता विनाकारण दोषी ठरल्या. डॉ. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः अशा एका मुलाचे पिता. त्यांनीं १९६४ त ग्रंथ लिहून त्या समजाचें खंडन केलें. आज तो पूर्णपणें खोटा ठरला आहे.

आमच्या शिशुवर्गांत असें एक बालक होतें. तें डब्यांतील कोरडा भात खाई. त्यावर वरण पडलें कीं डबा लोटून देई. आम्ही त्यास दटावलें. एकदां घास तोंडांत कोंबलाहि. परिणाम इतकाच झाला कीं, तें भातहि खाईनासें झालें. "हा ओला घास मला सोसत नाहीं," हें सांगण्यास त्याजपाशीं शब्द नव्हते. डबा लोटणें हेंच त्याचें वाक्य होतें. आणि इतरांस वाचन शिकविणाऱ्या आम्हांस तें वाचतां आलें नाहीं!

दांतदुखी, आम्लपित्त किंवा बद्धकोष्ठ झालें तरी अशा मुलास तें सांगतां येत नाहीं. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करावी. वजन घटत असल्यास किंवा गिळतांना ठसका लागत असल्यास विलंब करूं नये. नंतर परिचित पदार्थाशेजारीं नवा पदार्थ चिमूटभर ठेवावा, पण आग्रह करूं नये. पाहणें, हात लावणें, हुंगणें, जिभेस लावणें, अशा पायऱ्या मुलास आपल्या गतीनें चढूं द्याव्या. नवा पदार्थ जुन्यांत लपवूं नये. तें ध्यानांत येतांच विश्वास उडतो.

बोलण्यास चित्रांचें साह्य होतें. अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनीं १९८५ त अमेरिकेंत, चित्र हातीं देऊन वस्तु मागण्याची पद्धति सुरू केली. घरींहि पाणी, भात व 'पुरे' यांचीं चित्रें करतां येतात. मात्र मुलानें 'पुरे'चें चित्र दिल्यावर ताट खरोखरच उचललें पाहिजे. चित्रांमुळें मूल बोलण्याचा आळस करील, ही भीति निराधार आहे.

विद्यार्थिमित्रहो, शेजारच्या बाकावरील मुलाच्या डब्यांत रोज तोच पदार्थ दिसला, तर हंसूं नका. आपल्या प्रभूनें लेंकरांस जवळ घेतांना, त्यांनीं आधीं नीट बोलावें, अशी अट घातली नव्हती.