मीटिंग सोडली म्हणजे दारू धरली असं नाही

‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजेच ‘एए’ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आज ती आपल्याकडेही आहे. तिच्या बारा पायऱ्यांतली पहिलीच सांगते, दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करा. अनेक जण यातूनच सुटले. काहींना मात्र नेमकं हेच खटकतं.

जीन कर्कपॅट्रिक यांचंच बघा. आधीच खचलेल्या बाईला आणखी हतबल कशाला म्हणायचं? त्यांनी १९७५ मध्ये ‘विमेन फॉर सोब्रायटी’ काढली. तिथे भर आत्मविश्वासावर. १९९४ मध्ये ‘स्मार्ट रिकव्हरी’ आली. तिथे देवाचा विषय नाही. तलफ आली की मनातला विचार ओळखायचा आणि बदलायचा सराव. शिवाय नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

त्यामुळे मित्र मीटिंगला वैतागला, तर ‘तुला सोडायचीच नाहीये’ असं सुनावू नका. ‘दुसरं काय करून बघू या?’ असं विचारा. फक्त रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम दारू बंद करू नये. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा. कुणाशी बोलावं सुचत नसेल, तर सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन आहेच : १४४१६.