करण आणि कर्ता : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील यंत्रदृष्टी

सुदामा नगरात कुणाच्या पित्ताशयातले खडे काढले, तर ‘ऑपरेशन दुर्बिणीने झाले’ असे आम्ही मराठीत म्हणतो आणि हिंदीतही. ही दुर्बीण दूरचे नव्हे, तर पोटातले दाखवते. तरी कुणाचा गैरसमज होत नाही. दुर्बीण साधन आहे, ऑपरेशन डॉक्टर करतात, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. आता दुर्बिणीतून दिसणारे दृश्य संगणकही ‘पाहू’ लागला आहे. तो काय पाहतो आणि ते मराठीत कसे सांगावे, हा भाषेच्या शिक्षकालाही पडावा असा प्रश्न आहे.

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीत एरिख म्यूहे यांनी 1985 मध्ये केली. भारतात ती 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. पोटाला छोटी छिद्रे पाडून आत कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. एका छिद्रातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून लांब दांड्याची अवजारे आत जातात. शल्यचिकित्सक पोटात न पाहता पडद्यावर पाहतो. म्हणजेच ऑपरेशनची चित्रफीतही सहज नोंदवून ठेवता येते.

याच चित्रफिती संगणकाची पाठ्यपुस्तके झाल्या. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील संशोधकांनी 13 शल्यचिकित्सकांनी केलेल्या 80 शस्त्रक्रियांच्या चित्रफितींचा संग्रह केला. चिमटा, विजेचा आकडा, कात्री, क्लिप लावण्याचे अवजार अशी सात साधने कोणत्या क्षणी दिसतात, याच्या नोंदी माणसांनी केल्या. अवजाराचे निदान अर्धे टोक दिसले तरच ते ‘आहे’ असे मानायचे, हा त्यांचा नियम. तो योग्यच होता, कारण नुसते दांडे बरेचसे सारखे दिसतात. ओळख पटते ती टोकावरून. अशा हजारो चित्रांवर यंत्र अंदाज बांधते, अंदाज नोंदीशी ताडून पाहिला जातो आणि चुकेल तितका आतला हिशेब बदलत जातो. यंत्राचे शिकणे ते एवढेच.

ऐकायला सोपे वाटले तरी पोटातले दृश्य मोठे फसवे असते. विजेने ऊतक जाळताना धूर होतो, भिंगावर बाष्प धरते, ओल्या पृष्ठभागावरून आणि धातूवरून प्रकाश परावर्तित होतो, टोक रक्ताखाली किंवा अवयवाआड जाते. कॅमेराही स्थिर नसतो, त्यामुळे अवजार हलले की दृश्य, हे ठरवावे लागते. शिवाय चिमटा बहुतेक वेळ समोर असतो, कात्री मात्र क्षणभरच येते. जे कमी दिसते ते यंत्र कमी शिकते.

अवजार ओळखले तरी काम संपत नाही. एकाच चिमट्याने अवयव पकडता येतो, किंवा वाट मोकळी व्हावी म्हणून बाजूला ओढून धरता येतो. एकाच आकड्याने थर सोडवता येतात आणि रक्तस्रावही थांबवता येतो. म्हणून पुढे याच गटाने 50 चित्रफितींवर त्रिकुटांच्या नोंदी केल्या : अवजार, क्रिया आणि ज्यावर क्रिया घडते ते. सहा अवजारे, दहा क्रिया, पंधरा लक्ष्ये आणि त्यांतून निवडलेली शंभर त्रिकुटे. उदाहरणार्थ : चिमटा, ओढून धरणे, पित्ताशय.

व्याकरण शिकवणाऱ्याला हे त्रिकूट ओळखीचे वाटेल. हे तर करण, क्रिया आणि कर्म! पाणिनीच्या कारकविचारात करण म्हणजे क्रिया सिद्ध करणारे सर्वांत उपकारक साधन आणि कर्ता म्हणजे त्या क्रियेत स्वतंत्र असणारा. यंत्राच्या त्रिकुटात करण आहे, कर्मही आहे. कर्ता मात्र नाही. चित्रात हात दिसत नाही, म्हणून नोंदीतही तो येत नाही.

इथे मराठीची एक अडचण पुढे येते. ‘डॉक्टरांनी कात्रीने नळी कापली’ या वाक्यात कर्ता आणि करण दोघेही तृतीयेत आहेत. कर्ता गाळून ‘यंत्राने नळी कापली’ असे लिहिले, की यंत्र साधन होते की करणारे, हे प्रत्ययावरून कळत नाही. ‘रोबोटने ऑपरेशन केले’ या बातमीतही असेच होते. दा विंची यंत्राचे हात प्रत्यक्षात बाजूला बसलेला शल्यचिकित्सक हलवीत असतो, पण वाचणाऱ्याच्या मनात करण कर्त्याच्या जागी जाऊन बसते.

हा केवळ शब्दच्छल नाही. पित्ताशय काढताना फक्त दोनच रचना, एक नळी आणि एक धमनी, पित्ताशयात शिरताना स्पष्ट दिसल्याखेरीज काही कापू नये, असा दंडक स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडला. यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका चुकून कापली गेली, तर रुग्णाला त्याचे परिणाम दीर्घकाळ भोगावे लागतात. हे दृश्य पुरेसे स्पष्ट झाले की नाही, हे पडताळण्यासाठीही यंत्रदृष्टी वापरून पाहिली जात आहे. पण ‘स्पष्ट दिसते’ हा यंत्राचा अंदाज आहे आणि ‘आता कापतो’ हा माणसाचा निर्णय. उद्या संमतिपत्रावर सही करणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा, कारण चूक झाल्यास उत्तर कुणाकडे मागायचे, हे त्यावरच ठरते.

म्हणून असे माहितीपत्रक लिहिणाऱ्यांना, भाषांतर करणाऱ्यांना आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सुचवीन : यंत्राबद्दल लिहिताना कर्ता गाळू नका. ‘यंत्राच्या मदतीने डॉक्टरांनी’ असे लिहिल्याने वाक्य दोन शब्दांनी वाढते, पण वाचणाऱ्याला आपण कोणावर विश्वास ठेवीत आहोत, हे समजते.