जाहिरातीतील अट आणि आपला अर्ज

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले म्हणजे मंगरूळपीरचे पालक आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात : "गुरुजी, जाहिरातीत मागितलेले प्रमाणपत्र मुलाजवळ नाही, पण काम त्यास येते. अर्ज करावा काय?" प्रश्न साधा दिसतो, परंतु अर्जाची फी, अकोल्या-अमरावतीच्या परीक्षाकेंद्रापर्यंतचे एसटीचे भाडे आणि कधी कधी मुलाचे एक सबंध वर्ष या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. "करून तर पाहा" असे सर्वांस सांगणारे हितचिंतक आणि "तुझे तेथे काय काम?" असे म्हणणारे शहाणे, हे दोघेही मुलाचे सारखेच नुकसान करितात असे आमचे मत आहे.

प्रथम पाहावयाचे ते हे की, ती अट घातली कोणी? कायद्याने, नोकरभरतीच्या नियमाने, की मालकाने आपल्या सोयीकरिता?

कायद्याने घातलेल्या अटीस वाट नसते. १९४८ च्या औषधव्यवसायविषयक कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे. दहा वर्षे औषधाच्या दुकानात काढलेल्या मुलास शेकडो औषधांची नावे तोंडपाठ असोत, त्याने त्या जागेकरिता अर्ज करणे व्यर्थ होय. दुकानातील मदतनिसाच्या जागेस मात्र त्याने अवश्य अर्ज करावा.

याच प्रकारातील दुसरे उदाहरण आमच्या व्यवसायातील असल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो. पुष्कळांची समजूत अशी की, बी.एड. ही मोठी पदवी. तेव्हा तीत डी.एड. आलेच. २८ जून २०१८ रोजी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड. झालेल्यांस पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नेमण्यास मुभा दिली. नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा एक विशेष अभ्यासक्रम पुरा करावा, एवढीच अट ठेविली. राजस्थानच्या उच्च न्यायालयाने २०२१ साली ही मुभा रद्द केली, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. न्यायालयाचे म्हणणे असे की, सहा-सात वर्षांच्या बालकास अक्षर-ओळख करून देणे ही निराळी विद्या आहे व तिचे शिक्षण प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेतच मिळते; बी.एड.चा अभ्यासक्रम वरच्या वर्गांकरिता आखलेला आहे. निकालापूर्वी नेमणूक झालेल्यांस पुढे २०२४ साली न्यायालयाने काही अटींवर अभय दिले. तथापि ज्यांनी केवळ ही आशा धरून बी.एड.ची फी भरली होती, त्यांच्या घरची निराशा काय वर्णावी! ज्याने पहिलीचा वर्ग एक दिवस जरी सांभाळला असेल, त्यास न्यायालयाचे म्हणणे पटल्यावाचून राहणार नाही.

दुसरा प्रकार सरकारी भरतीच्या नियमांचा. येथे जाहिरात अक्षर न् अक्षर वाचावी. 'आवश्यक' अर्हता आणि 'इष्ट' अथवा 'प्राधान्य' देण्याजोगी अर्हता यांत फार अंतर आहे. दुसरी नसली तरी अर्ज करण्यास हरकत नाही; पहिली नसली तर फी वाया जाते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेस पदवीबरोबर मराठी टंकलेखनाचे मिनिटास ३० शब्दांचे किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र मागतात. तेथे ५० शब्दांचा वेग असलेला, पण प्रमाणपत्र नसलेला मुलगा अपात्रच ठरतो. अर्हता अर्जाच्या अखेरच्या तारखेस हाती असावी लागते. जाहिरातीने दुसरी तारीख दिली नसेल तर "निकाल पुढील महिन्यात आहे" ही सबब चालत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्ट केले आहे.

मागितल्यापेक्षा अधिक शिकलेल्यांचे काय? जम्मू-काश्मीरमध्ये तंत्रज्ञाच्या जागांस आय.टी.आय.चे प्रमाणपत्र मागितले असता पदविकाधारकांनी अर्ज केले; ते अपात्र ठरले, व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच योग्य ठरविले. उलट, हिमाचल प्रदेशच्या वीज मंडळात कनिष्ठ अभियंत्याच्या जागेस पदविका मागितली असता पदवीधरांस २०२१ साली पात्र मानिले गेले. कारण तेथील बढतीच्या नियमांतच पदवीधर कनिष्ठ अभियंत्यांचा उल्लेख होता. तात्पर्य, 'समकक्ष' म्हणजे काय, हे आपण घरी बसून ठरवावयाचे नसते.

तिसरा प्रकार खासगी मालकाचा. आणि धीर धरावा तो येथे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यास मुंबईस गेले. काही रंग त्यांस ओळखू येत नसल्यामुळे चित्रकला सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, आणि अभियंत्याची पदवी नसता १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. शाळेत यश न मिळालेले शंभुराव जांभेकर तेथे यंत्रविद्येत नावारूपास आले. आज सर्वच कारखानदार असे पारखी नसतात हे खरे. पण पंपाच्या मोटारीचे वाइंडिंग करणाऱ्या माणसाची ज्यास निकड आहे, तो प्रमाणपत्राआधी मोटार चालते की नाही हे पाहतो.

अशा ठिकाणी अर्ज कसा लिहावा? आमच्या वर्गांतून 'आपला आज्ञाधारक' इथपर्यंतचा साचा मुले उत्तम गिरवितात, पण मधला मजकूर पोकळ असतो! पहिल्या वाक्यात जागेचे नाव द्यावे. दुसऱ्यात, मागितलेले प्रमाणपत्र आपणाजवळ नाही, हे सरळ लिहावे; ते लपविल्यास मुलाखतीत उघडे पडतेच, आणि खोटे प्रमाणपत्र जोडणे हा तर गुन्हाच आहे. नंतर केलेले काम आकड्यांनिशी सांगावे : किती महिने, कोणाच्या हाताखाली, किती मोटारी, त्यांपैकी किती परत आल्या. "मी कष्टाळू व प्रामाणिक आहे" हे वाक्य गाळावे. ते सर्वांच्याच अर्जात असते. आठ दिवस विनावेतन काम करून दाखविण्याची तयारी काही मुले लिहितात. आमच्या मते ते लिहू नये, एक दिवसाची चाचणी पुरे.

हाताने शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत ठेवण्यात आली आहे. तिची चौकशी वाशीमच्या जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात करावी. पूर्वीच्या मालकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक अर्जाखाली द्यावयाचा असल्यास तो त्यांस विचारूनच द्यावा, आणि अर्जाची एक प्रत घरी ठेवावी. मुलाखतीस जाण्यापूर्वी आपण काय लिहिले होते ते पाहावे लागते.