नॉर्वेचा एल्घुंड : शिकारी श्वानाची निगा

इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या नगरांतील अनेक मराठी घरांच्या ओसरीवर टोकदार कानांचा, झुबकेदार शेपटीचा, पांढरा, लहानसा कुत्रा आढळतो. लोक त्यास सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात. वस्तुतः तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. ‘स्पिट्झ’ या जर्मन शब्दाचा अर्थ टोकदार असा आहे. उभे कान, निमुळते तोंड, पाठीवर वळलेली शेपटी आणि दाट केस ही या कुळाची लक्षणे होत. ओसरीवरच्या त्या लाडक्या प्राण्याचा एक दूरचा भाऊबंद नॉर्वेच्या अरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या शिकाऱ्याबरोबर राबत आला आहे. तो म्हणजे त्या देशाचा राष्ट्रीय श्वान मानला जाणारा करडा एल्घुंड.

इंग्रजीत त्याला ‘एल्कहाउंड’ म्हणतात, आणि या नावात थोडी गफलत आहे. नॉर्वेच्या भाषेत ‘हुंड’ म्हणजे केवळ कुत्रा, आणि ‘एल्ग’ म्हणजे युरोपातील सर्वांत मोठे हरीण. अमेरिकेत याच हरणाला ‘मूस’ म्हणतात. नावातील या साधर्म्यामुळे अमेरिकेत त्याची गणना हाउंड गटात होते, तर आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ त्याला स्पिट्झ गटात ठेवतो, आणि तेच योग्य आहे. व्हायकिंगांच्या काळापासूनच्या अनेक कथा या जातीशी जोडल्या जातात. त्यांचा मोह बाजूला ठेवला, तर १८७७ साली नॉर्वेतील श्वानप्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली, येथून तिचा लेखी इतिहास सुरू होतो.

नराची उंची खांद्यापाशी सुमारे ५२ सेंटिमीटर, मादीची ४९ सेंटिमीटर आणि वजन २२ ते २५ किलोग्रॅमच्या आसपास असते. एवढासा हा प्राणी चारशे-पाचशे किलोग्रॅम वजनाच्या हरणासमोर उभा राहतो. त्याच्या कामाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत तो शिकाऱ्याच्या पुढे लांब दोरीवर चालतो. दोरी गळ्याला न बांधता छातीवरील पट्ट्याला बांधतात. तो हवेतील व जमिनीवरील वास घेत, अजिबात न भुंकता शिकाऱ्याला हरणापर्यंत नेतो. दुसरीत त्याला मोकळा सोडतात. हरीण सापडले की तो त्याच्या पुढ्यात अंतर राखून, मागेपुढे उड्या घेत भुंकत राहतो आणि शिकारी वाऱ्याच्या उलट दिशेने जवळ येईपर्यंत त्याला जागीच खिळवून ठेवतो. हरीण थांबले आहे की चालू लागले आहे, हे जाणता शिकारी दुरून आवाजावरूनच ओळखतो. हरणाच्या पुढच्या पायाची एक लाथही कुत्र्याचा जीव घेऊ शकते. म्हणून धाडसापेक्षा सावधपणाचीच येथे अधिक गरज असते. हल्ली गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा सांगणारे यंत्र बांधण्याची प्रथा आहे. मात्र लांडग्यांच्या पट्ट्यात मोकळे कुत्रे मारले गेल्याची उदाहरणे नॉर्वे-स्वीडनमध्ये आहेत.

तेथील शिकार कायद्याने काटेकोर बांधलेली आहे. जखमी जनावर तडफडत राहू नये, यासाठी त्याचा माग काढणारा, परीक्षेत उत्तीर्ण झालेला कुत्रा शिकाऱ्यास उपलब्ध असलाच पाहिजे, असा नियम आहे. तसेच १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात, म्हणजे रानातील प्राणीपक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, कुत्रा मोकळा सोडण्यास मनाई असते. (आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे, कुत्रे घालून केलेली शिकारही त्यातून सुटत नाही.)

आता त्याच्या केसांविषयी सांगावयाचे, कारण त्याची अर्धी निगा तेथेच आहे. अंगावर दोन थर असतात. आतला थर मऊ, दाट, लोकरीसारखा. बाहेरचा राठ, सरळ, करडा व टोकाशी काळा. आतल्या लोकरीत हवा कोंडली जाते आणि अंगाची ऊब टिकते. बाहेरचे केस पाऊस व बर्फ आत झिरपू देत नाहीत. त्यामुळे ओल्या रानात दिवसभर हिंडूनही त्याची कातडी बहुधा कोरडी राहते. आठवड्यातून एकदा दात असलेल्या ब्रशने, मुळापर्यंत पोहोचेल अशा रीतीने विंचरणे पुरते. वर्षातून साधारणतः दोनदा आतली लोकर झडते. त्या दोन-तीन आठवड्यांत रोज विंचरावे लागते आणि घरभर करड्या लोकरीचे पुंजके उडतात. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी या जातीच्या वाटेला जाऊ नये. झडलेली लोकर अंगावरच राहिली तर तिच्या गाठी होतात, ओल धरते आणि त्याखाली त्वचा चिघळते. वारंवार आंघोळ मात्र घालू नये, कारण त्याने केसांचे नैसर्गिक तेल जाते. बर्फातून परतल्यावर बोटांच्या फटींत साचलेले गोळे काढावेत, आणि रानातून आल्यावर कान, काख, जांघ बोटांनी चाचपून गोचीड शोधावी.

येथेच एका चुकीच्या समजुतीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. उन्हाळा आला की दाट केसांच्या कुत्र्याचे अंग वस्तऱ्याने किंवा यंत्राने साफ करावे, म्हणजे त्यास थंड वाटेल, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडील स्पिट्झलाही एप्रिल-मे महिन्यांत याच न्यायाने भादरले जाते. माणसाप्रमाणे कुत्र्याच्या सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरील ओल उडवून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. पंज्यांच्या गाद्यांना थोडा घाम येतो इतकेच. केस कापल्याने या व्यवस्थेत काही भर पडत नाही. उलट उघडी कातडी उन्हाने भाजते आणि पुढे केस विरळ, ठिगळाठिगळांनी उगवण्याचा संभव असतो. शस्त्रक्रिया वा त्वचारोग यांसाठी पशुवैद्याने सांगितले तरच केस काढावेत. एरवी सैल झालेली लोकर विंचरून काढणे, हाच उन्हाळ्यातील खरा उपाय होय.

तरीही जो थर शून्याखालच्या थंडीत तग धरण्यासाठी घडला, तो गोव्याच्या दमट हवेत किंवा ग्वाल्हेरच्या वैशाखात ओझेच ठरतो. हवा दमट असली की धापा टाकूनही ओल नीट उडत नाही. म्हणून थंड प्रदेशातील कोणतीही जात केवळ रूपावर भाळून येथे आणणे हे प्राण्यावर अन्याय करणे आहे. ज्यांच्या घरी असे जनावर आधीच आहे, त्यांनी त्याला पहाटे व रात्रीच फिरवावे, दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नये, गच्चीत किंवा बंद मोटारीत ठेवू नये. कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. धापा थांबेनाशा झाल्या, तोल जाऊ लागला, हिरड्या गडद लाल दिसल्या, तर उष्माघात समजावा. तत्काळ सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. ओली फडकी अंगावर गुंडाळून ठेवू नयेत. त्यांनी उष्णता आतच कोंडते.

आहाराबाबत एल्घुंड फसवा आहे. त्याची भूक मोठी, आणि दाट केसांखाली चरबी दिसत नाही. शिकारीच्या हंगामात त्याला भरपूर प्रथिने व स्निग्धांश लागतात. हंगाम सरला आणि ताट तेवढेच राहिले की तो झपाट्याने स्थूल होतो. डोळ्यांवर विसंबू नये. बरगड्यांवरून हात फिरवावा. त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. कांदा, मनुका व चॉकलेट त्याला वर्ज्य आहेत.

त्याच्या भुंकण्याची तक्रार शहरात नेहमी होते. परंतु भुंकून हरीण रोखणे हाच ज्याचा वंशपरंपरागत व्यवसाय, त्याने दाराशी आलेल्या टपालवाल्याला गप्प राहून सामोरे जावे, ही अपेक्षाच जादा आहे. मारझोड केल्याने तो अधिक हट्टी होतो. रोज दीड-दोन तास चालणे, वास हुंगत वस्तू शोधण्याचे खेळ आणि पिल्लूपणापासून सौम्य पण ठाम शिकवण यांनी आवाज बराच आटोक्यात येतो.

या जातीत दृष्टिपटल हळूहळू निकामी होणे, काचबिंदू, मूत्रपिंडाचे विकार, कंठस्थ ग्रंथीचे मांद्य आणि खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतात. यांतील काही आनुवंशिक असल्याने पिल्लू घेण्यापूर्वी आईबापांच्या डोळ्यांची व खुब्यांची तपासणी झाल्याचा दाखला पाहावा. निकोप कुत्रा १२ ते १५ वर्षे जगतो. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर रेबीज नाही, आणि फीतकृमीचा प्रवेश होऊ नये म्हणून बाहेरून येणाऱ्या कुत्र्यास, काही देशांचा अपवाद वगळता, २४ ते १२० तास आधी जंतनाशक दिल्याची नोंद दाखवावी लागते. आपल्याकडे रेबीजचा धोका कायम आहे. तेव्हा कुत्रा ओसरीवरचा असो वा रानातला, त्याचे लसीकरण व दर वर्षीची पुढील मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात वेळेवर करून घ्यावी आणि त्याचे नोंदपत्रक घरात जपून ठेवावे.